जाचक अटी आणि थट्टा : नोकरीच्या साहित्याचे एक तौलनिक वाचन

१

नोकरी हा आधुनिक माणसाच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत दीर्घ अनुभव होय. तरीही नोकरीविषयक साहित्याचा विचार आपल्या समीक्षेत प्रामुख्याने दोनच अंगांनी झालेला दिसतो. शोषणाचे चित्रण म्हणून आपण या साहित्याकडे पाहतो, तेव्हा मालक, मुकादम, वेतन आणि करार यांवर आपले लक्ष असते. विनोदी साहित्य म्हणून पाहतो, तेव्हा साहेब, हेडक्लार्क, मधल्या सुटीतला चहा आणि सहकाऱ्यांच्या लकबी दिसू लागतात. पहिल्या वाचनात थट्टा हा संहितेतील विसावा ठरतो; दुसऱ्या वाचनात करार दिसतच नाही. या दोन वाचनांची गाठ पडत नसल्यामुळे एक प्रश्न विचारायचा राहून जातो. ज्या कागदावर सही करून माणूस कामाला लागतो तो कागद आणि कामाला लागल्यावर दिवसभर त्याच्या कानांवर पडणारी थट्टामस्करी, यांचा परस्परसंबंध कोणता?

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. सेवाकरारातील जाचक अट बहुधा मोघम असते. तिचा पुरता अर्थ कागदावर नसतो; तो कामाच्या जागी, बोलण्यातून आणि विशेषतः थट्टेतून ठरतो किंवा उघड होतो. या दृष्टीने थट्टा ही कराराची मौखिक टीका आहे. 'टीका' हा शब्द मी येथे भाष्य या जुन्या अर्थाने वापरतो आहे. मात्र ही टीका कोण करतो, यावर तिचे कार्य अवलंबून असते. वरच्याने केलेली थट्टा अटीला बळ देते, खालच्याने केलेली थट्टा अटीचा अर्थ उघडा पाडते, आणि बरोबरीच्यांनी केलेली थट्टा या दोहोंपैकी काहीही करू शकते. म्हणून तिचे वाचन सर्वांत अवघड.

हे प्रतिपादन केवळ ग्रंथांतून सुचले, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९९०नंतरच्या दशकात एका तालुक्याच्या गावी, एका खासगी महाविद्यालयात मी अधिव्याख्याता म्हणून रुजू झालो. नेमणूकपत्रातील एका अटीनुसार व्यवस्थापनास वेळोवेळी आवश्यक वाटेल ते 'अन्य काम' करणे माझ्यावर बंधनकारक होते. मी त्या शब्दापाशी थबकलो, तेव्हा समोरचे वयस्क लिपिक हसून म्हणाले, "करा सही सर. 'अन्य' हेच काम. शिकवणं मधल्या वेळात." मीही हसलो आणि सही केली. पुढील दोन वर्षांत प्रवेशासाठी विद्यार्थी मिळवीत गावोगाव फिरणे, अध्यक्षांच्या घरच्या कार्यात पाहुण्यांची उठबस करणे, संस्थेच्या निवडणुकीच्या याद्या तपासणे ही सर्व कामे त्या एका शब्दात बसली. लिपिकाने केलेला अर्थ अचूक होता. त्यांनी मला सावध केले होते की माझी समजूत घातली होती, हे मात्र आजही मला ठरवता आलेले नाही. आणि माझ्या हसण्याने माझी संमती पूर्ण झाली होती, असे अलीकडे वाटू लागले आहे.

मराठीत या व्यवहारासाठी थट्टा, मस्करी, चेष्टा, टिंगल, टवाळी, कुचेष्टा, उपहास असे चढत्या धारेचे शब्द आहेत. त्यांपैकी 'चेष्टा' या शब्दाची कथा तौलनिक अभ्यासकाला रोचक वाटावी. संस्कृतात चेष्टा म्हणजे हालचाल वा क्रिया, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीत मात्र तिने थट्टेचा अर्थ धारण केला. श्रम आणि थट्टा या दोन्ही अर्थांना जवळ असलेला हा एकच शब्द शेजारच्या दोन भाषांत दोन वाटांनी गेला. हास्य आणि दर्जा यांचे नाते तर आपल्या काव्यशास्त्राला आरंभापासून ठाऊक होते. भरताने 'नाट्यशास्त्रा'त स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे हास्याचे सहा भेद सांगितले आणि ते दोन-दोन करून उत्तम, मध्यम व अधम प्रकृतींना वाटून दिले. कोणी किती हसावे हे ज्याच्या त्याच्या पायरीवर ठरते, ही कार्यालयातील प्रत्येकाला कळणारी गोष्ट त्या वर्गीकरणात आहे.

२

करार आणि बोली यांची झटापट भाषेत कशी मुरते, याचे ठळक भारतीय उदाहरण म्हणजे 'गिरमिट' हा शब्द. मराठी वाचकाला गिरमिट म्हटले की सुताराचे भोक पाडण्याचे हत्यार आठवते. तो शब्द इंग्रजी 'गिम्लेट'वरून आला. सागरापार गेलेल्या मजुरांच्या तोंडचा गिरमिट मात्र 'ॲग्रीमेंट' या शब्दाचे रूपांतर आहे. दोहोंचा व्युत्पत्तीने काही संबंध नाही. तरी कागदाचे नाव ऐकताच मराठी कानाला टोक असलेले हत्यार आठवावे, हा योगायोग विसरण्याजोगा नाही. या इतिहासाशी मराठीचा संबंध केवळ योगायोगाचाही नाही. मॉरिशसला १८३४पासून करारबद्ध मजुरांची नेआण सुरू झाली. त्यांत पुढे कोकणातून गेलेले मराठी भाषकही होते आणि त्यांचे वंशज आजही तेथे मराठी समाज म्हणून ओळखले जातात.

फिजीचा करार उदाहरणादाखल पाहू. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांहून अधिक भारतीय या कराराने फिजीत गेले. मुदत पाच वर्षांची. आठवड्याचे पाच दिवस नऊ तास आणि शनिवारी पाच तास काम. पुरुषास दिवसाला एक शिलिंग आणि स्त्रीस नऊ पेन्स. वरकरणी या अटी स्पष्ट आहेत. पण मजुरी कामाच्या नगावर, म्हणजे 'टास्क'वर दिली जाई, आणि साधारण धडधाकट माणूस सलग सहा तासांत जेवढे करील तेवढे काम म्हणजे एक टास्क, अशी व्याख्या होती. यातला 'साधारण' माणूस कोणता, हे कागदावर नव्हते. ते उसाच्या शेतात उभा असलेला देखरेख्या ठरवीत असे. टास्क अपुरे राहिले की शिलिंग मिळत नसे, आणि कामात कसूर हा दिवाणी वाद न राहता फौजदारी गुन्हा होई. जाचक अटीचा हा नमुनेदार बांध आहे. आकडे स्पष्ट ठेवायचे आणि सारा जाच एका विशेषणात ठेवायचा.

तोताराम सनाढ्य १८९३मध्ये फिजीला गेले आणि १९१४मध्ये परतले. त्यांनी सांगितलेल्या हकिगतीवरून सिद्ध झालेले 'फिजीद्वीप में मेरे इक्कीस वर्ष' हे हिंदी पुस्तक १९१४मध्येच निघाले. त्यात भरतीचे जे वर्णन आहे, ते आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. अरकाटी, म्हणजे भरती करणारे दलाल, गोड बोलून माणसे जमवीत आणि दंडाधिकारी विचारील त्यास केवळ होकार द्यावा, असे त्यांना पढवीत. कागद एका भाषेत, त्याची भलावण दुसऱ्या भाषेत, आणि संमती एका शब्दात. यावर मजुरांनी जे उत्तर दिले, ते शब्दांतून दिले. ॲग्रीमेंटचे त्यांनी गिरमिट केले आणि स्वतःला गिरमिटिया म्हणवून घेतले. देखरेख्या गोरा साहेब त्यांच्या बोलीत 'कुलंबर' झाला. हजेरीच्या वेळी नंबर पुकारणारा म्हणून 'कॉल नंबर'वरून हा शब्द आला, अशी व्युत्पत्ती सामान्यतः दिली जाते.

हे सर्व अपभ्रंश अज्ञानातून झाले, असे म्हणून भागत नाही. ज्याने आपल्याला नंबराने पुकारले त्याचेच नाव 'नंबर पुकारणारा' ठेवणे यात थट्टेची चोख परतफेड आहे. शिवाय करार हा दोन पक्षांमधील व्यवहार असतो, ही कायद्याची कल्पना या शब्दाने मोडीत काढली. गिरमिट म्हणजे माणसावर गुदरलेला एक काळ, असा त्याचा अर्थ झाला. कागदाने जे लपवले ते शब्दाने नोंदवले.

देशात राहिलेल्यांची स्थिती फार वेगळी नव्हती. १८५९च्या तेराव्या कायद्याने उचल घेऊन काम न करणाऱ्या कारागिरास वा मजुरास दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याची तरतूद केली. काम पुरे करण्याचा वा उचल फेडण्याचा आदेश त्याने मोडला, तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी होऊ शके. हा कायदा १९२५च्या कायद्यान्वये रद्द झाला. म्हणजे सुमारे पासष्ट वर्षे करार मोडणे हा कामगारासाठी गुन्हा होता. मालकाने करार मोडल्यास या कायद्यात तशी शिक्षा नव्हती. या विषमतेचा प्रतिध्वनी त्या काळच्या साहित्यात शोधायचा, तर तो न्यायालयाच्या प्रसंगांपेक्षा मजुरांच्या आपसांतील बोलण्यात अधिक सापडेल, अशी माझी धारणा आहे.

३

मळ्यावरील करारातून आता कचेरीतील अलिखित अटीकडे वळू. एकोणिसाव्या शतकातील दोन कथा यासाठी एकत्र वाचणे उपयुक्त ठरते : गोगोलची 'ओव्हरकोट' (१८४२) आणि मेलव्हिलची 'बार्टलबी' (१८५३). दोन्हींचे नायक नकलनवीस आहेत. दोघांचेही काम दुसऱ्याचा मजकूर जसाच्या तसा उतरवणे हे आहे, आणि दोघेही शेवटी मरतात. या साम्याची नोंद पूर्वीही झालेली आहे. येथे लक्ष वेधायचे आहे ते दोन्ही कचेऱ्यांमधील थट्टेकडे.

गोगोलचा अकाकी अकाकियेविच नवव्या श्रेणीचा कारकून आहे आणि तो त्याच श्रेणीत राहणार हे सर्वांनी गृहीत धरले आहे. तरुण कारकून त्याच्या सत्तर वर्षांच्या घरमालकिणीशी त्याचे नाव जोडतात, लग्न कधी म्हणून विचारतात, कागदाचे कपटे त्याच्या डोक्यावर उधळून बर्फ पडतो आहे म्हणतात. वरिष्ठांपैकी कोणी त्याला छळत नाही. ते त्याच्यापुढे कागद टाकून निघून जातात. अपमानाचे काम बरोबरीचे लोकच पार पाडतात, आणि ते विनावेतन. थट्टा येथे श्रेणीव्यवस्थेची कनिष्ठ शाखा म्हणून चालते. थट्टा असह्य झाली की तो एवढेच विचारतो की माझा अपमान का करता, आणि त्या साध्या प्रश्नातून एका नव्या कारकुनाला माणुसकीच्या नात्याची हाक ऐकू येते. त्या तरुणापुरती थट्टा तेथे संपते. कथेतील हा छोटा प्रसंग करुणरसाचा म्हणून वाखाणला जातो. पण त्याचा दुसराही अर्थ आहे. थट्टा ही थट्टा राहण्यासाठी जिच्यावर ती होते त्या व्यक्तीचे मौन आवश्यक असते. ते मौन मोडताच तिचे खरे नाव पुढे येते.

मेलव्हिलच्या वकिलाच्या कचेरीत थट्टा सौम्य आहे. तेथील तिघांनी एकमेकांना टोपणनावे दिली आहेत आणि मालक स्वतः हसतमुखाने ती वापरतो. नव्या नकलनवीसाला शंभर शब्दांच्या एका फोलिओस चार सेंट या प्रचलित दराने मोबदला मिळतो. त्याचा पहिला नकार नक्कल करण्याला नाही. तो नक्कल ताडून पाहण्याला आहे. मोबदला ठरला आहे तो नकलेचा. ताडून पाहणे हे धंद्याच्या रिवाजाने त्यात गृहीत आहे. मालक त्याच्यापुढे सर्वमान्य रिवाज आणि सामान्य समज यांची दुहाई देतो, करार दाखवू शकत नाही. बार्टलबीच्या नकाराचे गूढ उकलण्यासाठी फार मोठी तत्त्वज्ञाने कामी लावली गेली आहेत. त्यांचे मोल मान्य करूनही एवढे म्हणावेसे वाटते की आरंभी तरी त्याने एका अलिखित अटीवर बोट ठेवले होते. पुढे तो हळूहळू सर्वच कामे नाकारतो, तेव्हा गूढ सुरू होते.

याच कथेत नकारासाठी त्याने वापरलेले सौम्य क्रियापद कचेरीत पसरू लागते. सहकारी नकळत ते वापरतात आणि मालकाच्याही तोंडी ते येते. वाचक येथे हसतो. पण हसता हसता त्याच्या ध्यानात येते की मालकाची भाषा कामगाराने घ्यावी हा नेहमीचा क्रम येथे उलटला आहे. गोगोलच्या कचेरीत थट्टा वरून खाली झिरपते. मेलव्हिलच्या कचेरीत एका शब्दाची लागण खालून वर होते. दोन्ही कथांत नायक मरतो, हे खरे. दुसऱ्या कथेत मात्र मालकाला आपली कचेरी सोडून दुसरीकडे बिऱ्हाड हलवावे लागते, हेही खरे.

४

मराठीतील तीन साहित्यकृती या चौकटीत ठेवून पाहू. पु. ल. देशपांडे यांच्या 'असा मी असामी' (१९६४) या पुस्तकातील धोंडोपंत जोशी कंपनीत कारकून आहेत. त्यांच्या कथनात कचेरी, साहेब आणि सहकारी यांची थट्टा विपुल आहे. ज्या अटींवर नोकरी टिकून आहे त्यांचा उल्लेख जवळजवळ नाही. हे न्यून म्हणून सांगत नाही. नोकरी कायम आहे, पहिल्या तारखेला पगार होणार आहे आणि साहेब रागावला तरी काढून टाकणार नाही, हा विश्वास या विनोदाचा पाया आहे. करार भक्कम असेल तेथे तो अदृश्य होतो आणि थट्टा निर्धोक होते. या पुस्तकाचा आज वाचताना जाणवणारा हुरहुर लावणारा गुण, माझ्या मते, त्या निर्धोकपणात आहे. चाळ गेली याची हळहळ आपण बोलून दाखवतो. कायम नोकरी गेली याची हळहळ आपण चाळीच्या नावाने करीत असतो.

बाबुराव बागूल यांची 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) ही कथा याच्या बरोबर उलट टोकावर उभी आहे. दलित तरुण गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर जातो. रेल्वे ही सरकारी संस्था. नेमणुकीच्या अटींत जातीला स्थान नाही. पण सहकाऱ्यांच्या पहिल्याच गप्पांत जातीचा प्रश्न येतो आणि तो स्वतःला केवळ मुंबईकर म्हणवून ते टाळतो. त्यानंतर त्याला मिळणारा जिव्हाळा, आदर आणि थट्टामस्करीतील बरोबरी ही सर्व त्या एका लपवलेल्या गोष्टीवर उभी आहे. त्याच जागी काशिनाथ हा आपली जात न लपवणारा कामगार टवाळीला सामोरा जातो आणि ती टवाळी सहन करण्याचे साफ नाकारतो. कथेच्या अखेरीस सत्य उघड होते, सहकारीच मारहाण करतात आणि काशिनाथ त्याला सोडवतो.

या कथेतील कामाच्या जागी दोन करार आहेत. एक सरकारने दिलेला, लिखित आणि जातिनिरपेक्ष. दुसरा सहकाऱ्यांच्या बोलण्यात असलेला, अलिखित आणि जातिनिष्ठ. पहिला करार नोकरी देतो. तेथे बसता-उठता येईल की नाही, हे दुसरा ठरवतो. गिरमिटियांच्या बाबतीत कागद जुलमी होता आणि बोलण्यात सुटका होती. बागुलांच्या कथेत कागद न्याय्य आहे आणि जुलूम बोलण्यात आहे. म्हणून कामाच्या जागेवरील थट्टेला सरसकट प्रतिकार मानणाऱ्या समीक्षेला ही कथा मोठाच अडथळा आहे, आणि तो अडथळा आपण टाळू नये.

तिसरे उदाहरण भालचंद्र नेमाडे यांच्या चांगदेव पाटीलविषयक कादंबऱ्यांचे. 'बिढार', 'हूल', 'जरीला' आणि 'झूल' या चार कादंबऱ्यांपैकी शेवटची १९७९मध्ये आली. इंग्रजीचा अध्यापक चांगदेव गावोगावच्या महाविद्यालयांत नोकऱ्या करीत हिंडतो. खासगी संस्था, त्यांचे चालक, जातींचे गट आणि अध्यापकांच्या अखंड गप्पा यांनी या कादंबऱ्यांचा मोठा भाग व्यापलेला आहे. त्यांतील पाल्हाळाबद्दल पुष्कळ लिहिले गेले. पण ज्या ठिकाणी नेमणुकीची मुदत, कायम होण्याची शक्यता आणि संस्थाचालकांची मर्जी यांविषयी अधिकृतपणे काहीच कळत नाही, तेथे गप्पा हेच माहितीचे साधन असते. टवाळीच्या सुरात सांगितलेली बातमी खरी निघते. गंभीरपणे दिलेले आश्वासन खोटे निघते. अध्यापकांच्या खोलीतील टवाळी ही त्या संस्थेची खरी सेवानियमावली आहे, असे मानून या कादंबऱ्या वाचल्यास त्यांच्या पाल्हाळात एक व्यवस्था दिसू लागते. पुलंच्या कारकुनाची थट्टा आणि नेमाड्यांच्या अध्यापकाची टवाळी यांत शैलीचा फरक आहेच. त्याहून मोठा फरक नोकरीच्या शाश्वतीचा आहे.

५

आता या उदाहरणांतून निघणारा सैद्धांतिक मुद्दा मांडतो. रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४०मध्ये 'थट्टेच्या नात्यां'विषयी लिहिताना दोन प्रकार सांगितले. एकात दोघेही परस्परांची थट्टा करू शकतात. दुसऱ्यात एकाने करायची आणि दुसऱ्याने राग मानायचा नाही. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी या आपल्याकडील थट्टेच्या नात्यांवरून हा विचार मराठी वाचकाला सहज पटेल. कामाच्या जागी या वर्गीकरणात एका गोष्टीची भर घालावी लागते, ती म्हणजे शब्द मागे घेण्याचा अधिकार. 'अहो, गंमत केली' हे वाक्य कोण म्हणू शकतो? साहेबाने बोललेले तो गंमत ठरवू शकतो. शिपायाने बोललेले गंमत होती की उद्धटपणा, हेही साहेबच ठरवतो. लिखित अटीचा अर्थ लावण्याचा आणि थट्टेचा अर्थ लावण्याचा, असे दोन्ही अधिकार एकाच हाती जातात. अटीची जाचकता आणि थट्टेची जाचकता येथे एकरूप होतात.

शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधील करार नोकरीचा नव्हे, कर्जाचा आहे. तरी या सूत्राचे ते आद्य उदाहरण म्हणता येईल. पौंडभर मांसाची अट शायलॉक विनोदाच्या आवरणात मांडतो आणि पुढे अक्षरशः अमलात आणू पाहतो. न्यायालयात त्याचा पराभव होतो तोही अक्षरशः वाचनानेच होतो. शायलॉक हा त्या नगरात परका आणि तिरस्कृत आहे, म्हणून विनोद मागे घेण्याचा वा न घेण्याचा अधिकार अखेरीस त्याचा उरत नाही. तो नगराचा असतो.

भारतीय न्यायव्यवस्थेने या दोन्ही भाषांची दखल वेगवेगळ्या वेळी घेतली. सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन विरुद्ध ब्रजनाथ गांगुली या प्रकरणात १९८६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कायम कर्मचाऱ्यास कारण न देता तीन महिन्यांच्या सूचनेने वा तेवढ्या वेतनाने काढून टाकण्याची मुभा देणारा नियम रद्दबातल ठरवला. ज्याची सौदाशक्ती कमी आहे त्याच्यापुढे ठेवलेला छापील करार ही खरी संमती नव्हे, हा विचार त्यामागे होता आणि १८७२च्या करार कायद्याच्या तेविसाव्या कलमाचा आधार त्यास घेतला गेला. साहित्याच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावे असे की न्यायालयाने त्या नियमाला 'आठव्या हेन्रीचे कलम' या, प्रशासकीय कायद्याच्या परिभाषेत रूढ असलेल्या टोपणनावाने ओळखले. लहरी राजाच्या नावाने कलमाला हाक मारणे ही थट्टाच होय. कुलंबर या शब्दाशी तिचे नाते आहे. फरक एवढाच की ही थट्टा करणाऱ्याच्या हाती ते कलम रद्द करण्याचा अधिकार होता.

१९९७च्या विशाखा निकालाने आणि त्यानंतर २०१३च्या कायद्याने दुसऱ्या भाषेची दखल घेतली. कामाच्या जागी स्त्रीविषयी केलेली लैंगिक स्वरूपाची शेरेबाजी हा छळ ठरला. बोलणाऱ्याने 'गंमत केली' म्हणून मोकळे होण्याची सोय कायद्याने निदान तत्त्वतः काढून घेतली. थट्टा हीच नोकरीची अट बनू शकते, ही गोष्ट बागुलांच्या कथेने १९६३मध्ये जातीच्या संदर्भात दाखवली होती. स्त्रियांच्या संदर्भात कायद्याला ती कळायला आणखी चौतीस वर्षे लागली.

या वाटचालीला सरळ प्रगतीचा इतिहास समजू नये. २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सार्वजनिक बँकेच्या नेमणूकपत्रातील, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. भरतीवरील खर्च आणि संस्थेची गरज यांचा विचार त्यामागे होता व तो निराधार म्हणता येणार नाही. तरीही सोडून जाण्याची किंमत कोणी ठरवायची, हा गिरमिटाचा जुना प्रश्न सौम्य रूपात आजही उभा आहे, एवढे त्यावरून दिसते.

६

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. बाख्तिनच्या उत्सवी हास्याच्या कल्पनेपासून जेम्स स्कॉटच्या दुर्बलांच्या हत्यारांपर्यंत, हास्याला प्रतिकार मानणारी एक समृद्ध परंपरा असताना हे भेद कशासाठी? याचे उत्तर असे की प्रतिकार आणि समजूत या दोहोंचे शब्द बहुधा एकच असतात. माझ्या नेमणूकपत्रावरील त्या लिपिकाच्या वाक्यात अटीचे अचूक भाष्य होते. त्याच वाक्याने माझ्या हातात पेनही दिले. सत्य थट्टेत सांगितले गेले की ऐकणाऱ्याला ते कळते आणि त्यावर काही करण्याची जबाबदारी मात्र राहत नाही. म्हणून केवळ थट्टा आहे एवढ्यावरून प्रतिकाराचा निष्कर्ष काढता येत नाही. तिच्यानंतर कोण काय करतो, हे पाहावे लागते. अकाकीचा प्रश्न ऐकून एक कारकून थांबला. काशिनाथने टवाळी ऐकून घेतली नाही. गिरमिटियांनी शब्द बदलून तो आपल्या नातवंडांना दिला. मी सही केली.

नोकरीविषयक साहित्य वाचताना यापुढे तीन प्रश्न एकत्र विचारावेत, असे सुचवावेसे वाटते. कथेतील माणसे कोणत्या अटींवर कामाला आहेत आणि त्या अटींतील मोघम शब्द कोणता? त्या शब्दाचा अर्थ कोणाच्या थट्टेतून कळतो? आणि आपले बोलणे गंमत ठरवून मागे घेण्याची मुभा कोणाला आहे? या प्रश्नांच्या आधारे हिंदी, बांगला, ओडिया, तमिळ अशा भाषांतील मळे, गिरण्या, कचेऱ्या आणि शाळा यांच्या कथनांची तुलना झाल्यास, आज विनोदी आणि वास्तववादी अशा दोन कप्प्यांत विभागलेले पुष्कळ लेखन एकमेकांशेजारी आणता येईल.

हा अभ्यास केवळ गतकाळापुरता राहणार नाही. मोबाइलवरील ॲपच्या आधारे घरोघरी जिन्नस पोचवणाऱ्या तरुणांना कंपन्या 'पार्टनर' म्हणतात. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामाला पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेरचे म्हणून नोंदवले आहे. फिजीच्या करारात 'साधारण' या विशेषणाने जे काम केले, ते येथे 'पार्टनर' हे नाम करते आहे. रात्री उशिरा रस्त्याकडेला दुचाकी लावून हे तरुण चहा पीत बसतात, तेव्हा आपसांत या शब्दाचे काय करीत असतील, तो शब्द उच्चारात कसा मोडत असतील, ते कान देऊन ऐकण्याजोगे आहे. या कामाची पहिली खरी व्याख्या तेथे होत असण्याची शक्यता आहे. तिची नोंद घेणारी कादंबरी मराठीत यायची असेल, तर ती तेथून येईल.